यादीत नसलेली घरं

तमिळ मुलखात पेरुंगुडीला मी भाड्याने राहतो; तिथल्या आमच्या गल्लीच्या मधून दोन वॉर्डांची हद्द जाते. डावीकडची घरं एका वॉर्डात, उजवीकडची दुसऱ्यात. पाण्याचा टँकर मात्र एकच यायचा आणि दोन्ही बाजूंच्या घागरी एकाच रांगेत लागायच्या.

एका उन्हाळ्यात टँकरचे खाडे पडू लागले. जे मागायचं ते लेखी मागावं, असं गावच्या शाळेत मास्तरांनी शिकवलं होतं. घरातला पहिला पदवीधर मी. माझं शिक्षण गल्लीच्या कामी यावं, असं मनापासून वाटलं. घरमालकीण अक्कांच्या वतीने मी पालिकेचा छापील अर्ज भरला. त्यात वॉर्डाच्या नंबरासाठी एकच चौकोन होता. मी आमचा नंबर टाकला आणि खाली फक्त आमच्या बाजूच्या घरांची यादी जोडली. समोरच्यांचं काय, हे डोक्यातच आलं नाही.

पुढच्या सोमवारी टँकर वेळेवर आला. ड्रायव्हरच्या हातात माझी यादी होती. रांगेत पहिल्या समोरच्या बाई होत्या. त्याने त्यांची घागर पायाने बाजूला सारली. त्यांनी नळी धरली, दुसरीकडून अक्कांनी ओढली. वीस वर्षांपासूनच्या शेजारणी एकमेकींचे केस धरून चिखलात पडल्या. मग पुरुष धावले. दगडाने टँकरची काच फुटली. बाईंच्या नवऱ्याने फिरवलेली स्टीलची घागर अक्कांच्या भुवईवर बसली आणि त्यांचा डोळा रक्ताने भरला. यादी बदलून आणतो, असं मी ओरडत होतो, पण घाबरून मराठीत, आणि ती तिथे कुणालाच कळत नव्हती. कुणीतरी माझ्या कानाखाली वाजवली. चुकीच्या माणसाला बसली, असं मला आजही म्हणता येत नाही.

अक्कांचा डोळा वाचला. भुवईला टाके पडले.

दोन दिवसांनी मी समोरच्या वॉर्डाचा कोरा अर्ज घेऊन बाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आत बोलावलं नाही.

"तंबी, आमची घरं तुला दिसत नव्हती का?" त्यांनी विचारलं. तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

मी उंबऱ्याबाहेरच बसून पेन काढलं. त्यांनी एकेक घर सांगितलं, मी लिहिलं. मग सगळं वाचून दाखवायला लावलं, दोनदा, आणि सही केली.

आता त्यांचा टँकर गुरुवारी येतो, आमचा सोमवारी. पाणी सगळ्यांना पुरतं. सोमवारी समोरची दारं बंद असतात, गुरुवारी आमची.