घरमालकिणीची कंबर

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या वाटेला कुणी जाऊ नये. तोंडानं चकार शब्द काढणार नाहीत, पण समोरच्याचा निकाल लावतील. माझं उलटं. मी नुसतीच भांडते.

दोघे भाऊ कामावर गेले की परदेशातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघी जावा. मी दुकानात कामाला जायची, म्हणून तिथली भाषा शिकले. जाऊबाई घरीच शिवणकाम करायच्या, लोकांचे कपडे कमीजास्त करून द्यायच्या. भाषेच्या नावानं मात्र शंख. दिवसभर त्यांचं मराठी ऐकायला एकच जीव होता, जिन्यात सापडलेली लंगडी मांजर. तिला त्या बया म्हणायच्या. "ऊठ गं बये, कात्रीवर काय बसतेस!" माझ्याशी कधी एवढ्या मायेनं बोलल्या नाहीत, खरं सांगते.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीच्या डोळ्यांत ती बया सलायची. एकदा आम्ही बाजारात गेलो आणि त्या भवानीनं तिला पोत्यात घालून कुठंतरी नेऊन सोडलं. वर आम्हालाच हसून सांगते, "घाण गेली!"

जाऊबाई गल्लोगल्ली "बये, बये" करत फिरल्या. लोक वळून बघत होते. दिवस कलताना घरी आल्या, पाण्याचा घोटही न घेता मशीनवर बसल्या. घरमालकिणीच्या कपड्यांचा गठ्ठा आलेला होता, कुठं बटण लावायचं, कुठं काठ दुमडायचा. त्यांनी एकेकाची कंबर उसवली आणि दोराभर आत घेऊन टीप मारली. जेवायला हाक मारली तरी मशीन थांबलं नाही.

"अहो जाऊबाई, हे काय?"

"फुगू दे तिला," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून तिचा जो कपडा वर यायचा, तो थोडा आवळूनच खाली जायचा. बाई घाबरली. आधी गोड सोडलं, मग रात्रीचं जेवण सोडलं. भेटली की मी काळजीच्या सुरात म्हणायची, "अंग जरा सुटलंय हो तुमचं!" काय बरं वाटायचं म्हणून सांगू! बघता बघता तिचे गाल बसले, जिना चढताना कठडा धरायला लागली. मला दया आली नाही. अजिबात नाही.

शेवटी एक दिवस ती वर आली, खुर्चीत मटकन बसली आणि रडायलाच लागली. मांडीवर आदल्याच दिवशी आम्ही आवळून खाली दिलेला स्कर्ट. सैल करून द्या म्हणाली.

जाऊबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तिला म्हणावं, बया कुठंय ते सांग. मग करते सैल."

मी विचारलं. बाईनं डोळे पुसले. "ती आली होती परत. त्याच संध्याकाळी. खालच्या दाराशी किती वेळ ओरडत होती. मी दार उघडलं नाही. तुम्हाला ऐकू आलं नाही? तुमचं मशीन तर चालू होतं."

जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणते?"

मी मशीनकडे बघितलं.

"माहीत नाही म्हणते."

"खरं?"

"खरं. आणि जाऊबाई," मी म्हटलं, "घ्या अजून आत. चांगली दोन बोटं घ्या."