फुकटचा चारा

जिथे गवतसुद्धा तग धरत नाही, त्या खारट पडीक तुकड्यात निवृत्त कारकून मामांनी खाऱ्या मातीतही वाढणारी झुडपं लावली आणि मिशीला पीळ देत फिरू लागले. "ना खत, ना गोडं पाणी. शेळ्यांना फुकटचा चारा," असं ते भेटेल त्याला ऐकवत. शेळ्यांनी पाला मिटक्या मारत खाल्ला. पण पालाच खारट, त्यामुळे त्या दिवसभर पाण्यासाठी ओरडत. गोड्या पाण्याची विहीर टेकडीपलीकडे, आणि खेपा मामींच्या.

"उद्यापासून पाणी तुम्ही आणा, नाहीतर शेळ्या विकते," मामी कंबर धरून म्हणाल्या.

"अगं, मी संशोधन करतोय."

"मग शेळ्यांना तेच पाजा."

सकाळी मामा बादल्या घेऊन टेकडी चढले. दुपारी त्यांनी जाहीर केलं, "पाल्यात निम्मं सुकं गवत मिसळावं, तहान कमी लागते."

शोधाला एकच खेप पुरली.