गाठ कुठून आली

पनवेलमधल्या बांधकामांना मी मुरूम पुरवतो. शिक्षण सातवीपर्यंत, पण मुठीत माती घेतली की ती कुठल्या डोंगराची ते सांगतो. म्हणून माझ्याच डोक्यातून काढलेली गाठ कुठून आली, हे डॉक्टरीणबाईंना नक्की सांगता येत नाही, हे मला पटेना.

माझा हिशेब पक्का होता. गव्हाणच्या जमिनीच्या बांधावरून भांडण झालं, तेव्हा थोरल्या भावाने माझ्या डोक्यात बांबू घातला होता. गाठही त्याच बाजूला निघाली. आता मुलीचं लग्न आलं होतं. हळदीचं बोलावणं थोरल्याला घरी जाऊन द्यायचं, अशी आमची रीत. मी जाणार नाही म्हणालो. गावातली जाणती माणसं म्हणाली, डॉक्टर बोलले मारामुळे झालं, तर तुझं खरं.

बाईंनी समजावलं. गाठ मेंदूची नाही, मेंदूवरच्या आवरणाची. त्याच्या मधल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पातळ थरातल्या पेशी हळूहळू वाढत गेल्या. कॅन्सर नाही. पण त्या पेशीही म्हणे सगळ्या एका मुळाच्या नसतात. गर्भात काही एका थरातून येतात, काही दुसऱ्यातून. त्यातली पहिली कोणती बिघडली आणि का, याचा शोध अजून चालू आहे.

ऐकून डोकं आणखीच गरगरलं. निम्मं तरी मारामुळे म्हणा, मी म्हणालो. निम्मं नाही तर चार आणे.

"अवो, म्हावऱ्याचा बाजार हाय का ह्यो?" सोबत आलेली बायको म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. "मार लागला हे खरं. गाठ आली हेही खरं. एकामुळे दुसरं झालं, असं मी म्हणणार नाही."

मी तणतणत निघालो आणि गाडी थेट भावाच्या दारात नेली. भांडायला की बोलवायला, ते मलाच ठाऊक नव्हतं. तो ओट्यावर बसला होता. टाके झाकायला घातलेल्या माझ्या टोपीकडे बघत राहिला.

"माज्या मारानी झाला काय रं?" त्याने विचारलं.

समोरचा अडला की भाव चढवायचा, यावरच मी धंद्यात उभा राहिलोय. एक 'हो' म्हटलं असतं, तर तो तिथेच खचला असता.

"नाय ठाव," मी म्हणालो. "मंगलवारी हलद हाय. ये."

येतो म्हणाला. माफी मात्र मागितली नाही. आणि ती घेतल्याशिवाय मी परतलो कसा, हे मला अजून उमगलेलं नाही.