रहीम नावाचा शास्त्रज्ञ

ती घटना आजही आठवली की आधी हसू येतं आणि मग स्वतःचाच राग येतो. नावं अर्थातच बदलली आहेत.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरात आर्थिक गुन्ह्यांच्या शाखेत निरीक्षक होतो. एक निनावी अर्ज वरून शेरा मारून माझ्याकडे आला. शहरातल्या एका महाविद्यालयात मधुमेहींच्या जखमांवर संशोधन करणाऱ्या डॉ. नसरीन यांनी बढतीसाठी एकोणीस शोधनिबंधांची यादी दिली होती. अर्जदाराचं म्हणणं, त्यातले फक्त दोन त्यांचे. बाकी सतरा कुणा रहीम नावाच्या शास्त्रज्ञाचे, बाईंनी ढापलेले. सोबत इंटरनेटवरचे छापील कागद जोडलेले. सोमवारी बाईंची मुलाखत होती. तोवर गुन्हा दाखल झाला असता तर बढती राहिली बाजूला, नोकरीही गेली असती.

निनावी अर्ज बहुधा सूडापोटी येतात, हे मला पाठ होतं. पण कागद बोलत होते. जगभरचे संशोधक आपल्या निबंधात ज्याचा आधार घेतात त्याचं नाव लिहितात, त्याला सायटेशन म्हणतात. त्या सतरा निबंधांना भरपूर सायटेशन होती, आणि प्रत्येक ठिकाणी नाव एकच होतं, ‘रहीम’.

बाईंना बोलावलं. साधा सलवार-कमीज, हातात फुगलेली फाइल. मी चहासुद्धा विचारला नाही. थेट विचारलं, “हा रहीम कोण?”

“माझे वडील. पण साहेब, त्याचं असं आहे की...”

“बस्स!” मी म्हणालो. मनात म्हटलं, सापडली! बापाचं संशोधन लेकीनं लाटलं. बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज खाली आला नाही. “बारा वर्षं प्रयोगशाळेत घासलीत, साहेब. मला वाक्य तरी पुरं करू द्या.” मी करू दिलं नाही. वडिलांना बोलावणं धाडलं.

वडील तासाभरात आले. उस्मानपुऱ्यात घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान, डोळ्याला लावायचं भिंग अजून कपाळावरच. मी सतरा निबंध पुढं सरकवले. “हे तुम्ही लिहिलेत?”

त्यांनी पानं उलटीसुलटी पाहिली. “या अल्ला! साब, मी सातवी पास. ह्यातलं एक अक्षर बी मला वाचता येत नाय.”

माझ्या टेबलाशी जबाब लिहायला बसलेला हवालदार, आमचा रायटर, खो खो हसायला लागला. मी डोळे वटारले.

“माफ करा साहेब,” तो म्हणाला, “पण ह्ये त्या वॉरंटावानी झालं. करमाडच्या शेख बाबू शेख चांदला आपण महिनाभर ‘चांद’ म्हणून हुडकत व्हतो, अन् गडी हर्सूलच्या जेलात आधीच बसलेला. चांद त्येच्या बापाचं नाव!”

मी बाईंची फाइल ओढली. दहावीची सनद, पदवी, पासपोर्ट. सगळीकडे पूर्ण नाव: शेख नसरीन शेख रहीम. आपल्याकडे मुस्लिम घरांत अशी नावं लिहितात: शेख आधी, मग स्वतःचं नाव, शेवटी पुन्हा शेख आणि वडिलांचं नाव. परदेशी नियतकालिकांनी शेवटचा शब्द आडनाव समजून घेतला आणि बाईंना ‘एस. एन. एस. रहीम’ करून टाकलं. अलीकडचे दोन निबंध त्यांनी ‘नसरीन शेख’ नावानं पाठवले, तेवढेच त्यांचे दिसले.

“हेच सांगत होते मी,” बाई म्हणाल्या. मला मान वर करवेना.

तरी खात्री केलीच. संपादकांची पत्रं बाईंच्याच ईमेलवर होती, प्रयोगशाळेच्या वह्यांत अक्षर त्यांचंच, सहसंशोधकांनी फोनवर दुजोरा दिला. ‘तक्रारीत तथ्य नाही’ असा अहवाल शनिवारी दुपारी मी स्वतः महाविद्यालयात नेऊन दिला. अर्ज बाईंच्याच एका सहकाऱ्यानं टाकला होता, तेही कळलं होतं. त्याला बोलावून एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी सही करायची हिंमत ठेव.

तोवरच्या नोकरीत मी समोरच्याला पहिला प्रश्न नावाचा विचारला, आणि उत्तर संपायच्या आत लिहून मोकळा झालो. माणूस खोटं बोलतो तेव्हा तपास चुकतो, असं मी शिकाऊ पोरांना शिकवायचो. इथं बाई पहिल्या शब्दापासून खरं बोलत होत्या, आणि तपास माझ्या घाईनं चुकला. त्या दिवसानंतर मी माणसाचं बोलणं संपेपर्यंत थांबायला शिकलो. अवघड गेलं, पण शिकलो.

पंधरा दिवसांनी रहीमचाचा पेढे घेऊन आले. लेकीची निवड झाली होती, आणि सगळे निबंध तिच्या नावावर घ्यायचं कामही सुरू झालं होतं. दारावरच्या शिपायानं नियमाप्रमाणे येणाऱ्यांची नोंदवही पुढं केली. मी दारात येऊन म्हटलं, “थांब, मी लिहितो. चाचा, पूर्ण नाव सांगा. सावकाश.”

चाचांनी पेढ्यांचा पुडा नोंदवहीशेजारी ठेवला. मग म्हणाले, “लिव्हा साब. डॉक्टर नसरीनचे अब्बा.”