बांध पेटवायची घाई

उन्हाळा लागला की मला एका जागी बसवत नाही. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी फोन उघडून आभाळ बघते. खरं आभाळ खिडकीबाहेर असतं, पण त्याच्यावर माझा भरवसा नाही. फोनमध्ये हवामानाची तीन ॲप आहेत, तिघांचं एकमेकांशी पटत नाही आणि मी दिवसभर त्यांची भांडणं सोडवत बसते. एक म्हणतं सोलापुरात नुसती उष्णतेची लाट, दुसरं म्हणतं दुपारनंतर गडगडाट, तिसरं थेट अरबी समुद्रातलं वारं दाखवतं. हे वैतागून म्हणतात, "समुद्र कुठं आणि तू कुठं! आधी कूलरमध्ये पाणी घाल."

हा नाद मला आईमुळं लागला. आई वळसंगला धाकट्या भावाकडं असते आणि तिला दमा आहे. ढग भरून हवा कोंदली की तिची छाती वाजायला लागते, आणि धूर तर तिचा वैरीच. चुलीवरची भाकरी सोडून तिला आता कितीतरी वर्षं झाली. तेव्हा ढग येणार असले की आदल्या दिवशी फोन करून "पंप उशाशी ठेव गं" एवढं सांगायचं, इतकंच माझं काम होतं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

पण एका मार्चमध्ये मी भावाला म्हणाले, उद्या वळीव येतोय, कडबा झाक. तो हसला, पण झाकला. दुसऱ्या दिवशी गारांसकट पाऊस आला, आजूबाजूच्यांच्या गंजी भिजून काळ्या पडल्या आणि आमचा कडबा कोरडा राहिला. निव्वळ बोलाफुलाला गाठ पडली होती. भावानं मात्र गावभर सांगितलं, "आमच्या अक्कानं सांगितलं हुतं." मग गावाच्या ग्रुपमध्ये मला घेतलं. लग्नाचा मांडव कुठल्या दिवशी घालावा, हळद कधी वाळत टाकावी, सगळं मला विचारायला लागले. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकू तर आईच्या फोनवरून थेट मलाच विचारायच्या, "मळी बरतदेनव्वा?" पाऊस येईल का गं बाई, असं. मीही मोठ्या ऐटीत उत्तर द्यायचे. सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि वर लोक आपल्याला मानतात म्हणून फुशारायचं! हे मला चिडवायचे, "आमचं घरचं हवामान खातं." मला राग यायचा, पण आतून आवडायचंही.

गेल्या मे महिन्यात कोकण किनाऱ्याजवळ वादळ तयार व्हायला लागलं. बातम्यांत लाटा, बांधून ठेवलेल्या होड्या, किनाऱ्याला इशारे. आमच्या भागासाठी लिहिलं होतं की वादळ आत सरकलं तर शुक्रवार-शनिवारी विजांसह पावसाची शक्यता. मी ते चार-चारदा वाचलं. तिन्ही ॲप पहिल्यांदाच एकच बोलत होती, त्यामुळं मला अगदी स्फुरण चढलं. मंगळवारी सकाळी मी ग्रुपवर लिहिलं, "शुक्रवारी मोठा पाऊस येणार. उरलेली कामं बुधवारपर्यंत उरका." त्यातली शक्यता मी काढून टाकली. कुणाला फसवायचं नव्हतं. मला ती शक्यता शेळपट वाटली, बस.

आता गावात मे महिन्यात उरलेलं काम म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बांधावरचं वाळलेलं गवत जाळायचं, उसाचं पाचट जाळायचं, तुरीची धसकटं गोळा करून पेटवायची. एरवी हे महिनाभर चालतं. आज याचा बांध, आठवड्यानं त्याचा. धूर होतो आणि विरून जातो. एकदा ते भिजलं की मात्र पेटत नाही, म्हणून पावसाआधी उरकायचं. मी दिवस ठरवून दिला म्हटल्यावर सगळे एकाच दिवशी काडेपेटी घेऊन निघणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बुधवारी सकाळी भावाचा फोन आला. "अक्का, बांध पेटवू का? का ऱ्हाऊ दे?"

"राहू दे कशाला? परवा भिजला की बसशील हात चोळत."

"आईला खोकला हाय जरा."

"दार लावून घ्यायला सांग तिला. अर्ध्या तासाचं तर काम."

तो "बरं" म्हणाला. त्याचं ते "बरं" मला आजही ऐकू येतं. त्यात मान्य असल्यासारखं काही नव्हतं, पण मी तेव्हा दुसरंच काही तरी बघत होते, बहुतेक ढगांचा नकाशा.

दुपारी चारनंतर ग्रुपवर फोटो यायला लागले. या शेतात धूर, त्या शेतात धूर, फोटोखाली शाबासकीचे अंगठे आणि जोडलेले हात. "अक्कांच्या सांगण्यानुसार काम फत्ते," असं कुणी तरी लिहिलं. मी तो फोटो ह्यांना दाखवला. काय तो माझा आनंद! सगळं गाव माझ्या शब्दावर चाललंय, असं मला वाटत होतं आणि ते अगदी खरं होतं.

पाचच्या सुमारास वारं सुटलं. वादळ समुद्रात असलं तरी त्याचं वारं इथवर येतं, ते मी नकाशात निळ्या बाणांनी बघितलं होतं. बांधावरची आग त्या वाऱ्यानं गायरानात शिरली. गायरान म्हणजे गुडघाभर वाळलेलं कुसळी गवत. वणवा लागला आणि बघता बघता सगळा धूर गावावर येऊन बसला. आमचं घर गावाच्या त्याच टोकाला आहे.

साडेसहाला भाऊ ओरडतच बोलला, "अक्का, आईला दम लागलाय. चारदा पंप दिला, फरक न्हाय. टमटम बघितलीय, निघतोय."

"दवाखान्याच्या दारात थांबते मी. तिला बसवून आण, झोपवू नको!"

त्यानंतरचा तास मी दवाखान्याच्या फाटकाशी येरझाऱ्या घालत काढला. हे म्हणाले, बस जरा. बसून काय करू? अक्कलकोट रस्त्याकडून येणारी प्रत्येक टमटम आमचीच वाटत होती. पूर्वेकडं आभाळाच्या कडेला तपकिरी पट्टा पडला होता आणि शहरातही जळक्या गवताचा वास येत होता. चहावाल्याजवळचे दोघं म्हणत होते, कुठं तरी माळ पेटलाय वाटतं. मी त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिले. सवयीनं फोन काढला. पाऊस शुक्रवारवरून शनिवारवर गेला होता.

आई आली तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते. तिचे खांदे कानापर्यंत वर जात होते, आणि एवढं करूनही आत काही जात नव्हतं. भावाच्या हातांवर, भुवयांवर काजळी होती. तो आधी वणवा विझवायला पळाला होता आणि तिथून आईकडं. डॉक्टरांनी वाफ लावली, सुई दिली, नाकातोंडावर मास्क बसवला. सिस्टर मला म्हणाली, "लवकर आणलंत म्हणून बरं." मला रडूही आलं नाही. मला फक्त कुणी तरी चांगलं झापावं असं वाटत होतं, पण कुणीच झापेना.

सकाळपर्यंत आईची छाती थोडी मोकळी झाली. भाऊ चहा आणायला गेला तेव्हा मी तिच्या कॉटवर टेकले आणि म्हणाले, "आई, माझी चूक झाली. मीच त्याला पेटव म्हणाले."

तिनं मास्क बाजूला केला. "त्येनं कुटं पेटवला तुज्या सांगण्यावरनं?"

"म्हणजे?"

"तुजा फोन झाल्यावर मला म्हणला, आई, आपला बांध ऱ्हाऊ दे, तुला तरास हुईल. मीच म्हणले, पेटव." तिला दम घ्यायला थांबावं लागलं. "समद्या गावाला अक्कानं सांगितलंय, आन् तिच्या सख्ख्या भावाचाच बांध तसाच? लोक काय म्हणतील? मी बसते की तोंडाला पदर बांधून."

तिला धूर म्हणजे काय ते माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक होतं. माझा शब्द खाली पडू नये म्हणून ती दार लावून आत बसली होती.

"येतोय न्हवं पाऊस?" तिनं विचारलं.

बाहेर पांढरंफटक ऊन होतं. वादळ रात्रीतून वायव्येला वळून भर समुद्रात निघून गेलं होतं. "नाही आई. आता नाही येणार."

"मग लिव की तसं. वादाळ फिरलं, आमी काय करणार. तुजी काय चूक हाय त्यात?"

ग्रुपवर विचारणा सुरू झालीच होती. पाऊस कधी, अक्का? बी आणायला जाऊ का? मी फोन हातात घेतला. तिनं सांगितलं तसं लिहिणं अगदी सोपं होतं, आणि लोकांनी ते मानलंही असतं. मी लिहिलं, "पाऊस येणार नाही. फक्त शक्यता होती, ती मी लपवली. मला नक्की काही माहीत नव्हतं. माझ्यामुळं बांध एकाच दिवशी पेटले आणि आई दवाखान्यात आहे. यापुढं मला विचारू नका." पाठवून टाकलं आणि मग तिला वाचून दाखवलं.

मला वाटलं होतं, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. "कशाला लिवलंस?" ती म्हणाली. "मी एवडं सोसलं ते कशासाटी मग?"

तिनं मास्क पुन्हा नीट लावला आणि भिंतीकडं कूस केली. दिवसभर ती भावाशी बोलली, सिस्टरशी बोलली, ह्यांना जेवलात का म्हणून विचारलं. माझ्याशी बोलली नाही.