कोरड्या तांदळाचा पंचनामा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरलो, पण तांदळाचं ते प्रकरण काही डोक्यातून जात नाही. परवा वर्तमानपत्रात वाचलं की माणसाच्या श्वासाच्या आणि नाडीच्या रेघा ओढून खोटं पकडणारं एक यंत्र निघालं आहे. त्या रेघा कोर्टात पुरावा म्हणून घ्याव्यात की नाही, यावर वाद चालला आहे. शेजारचे वकील मित्र म्हणाले, "घ्यायलाच हव्यात. यंत्राला कुणाची भीड नसते." मी चहा अर्धा टाकून उठलो आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागलो. स्वस्थ बसण्याचा गुण माझ्यात तेव्हाही नव्हता. त्या गुणाअभावी मी काय करून बसलो, ते सांगतो. कुणाचं नाव घेणार नाही.

एकोणीसशे तीसच्या दशकाची अखेर होती. मी फौजदार म्हणून तळोद्याच्या बाजूला नव्या नेमणुकीवर आलो होतो. एका सकाळी, हजेरी घेऊन शिपायांना कामं वाटत होतो तेवढ्यात तापीकाठच्या एका गावचा पोलीस पाटील घोड्यावरून ठाण्यात आला. गावातल्या एका मातब्बर गुजर शेतकऱ्याच्या घरातून सुनेचा चांदीचा कमरपट्टा गेला होता. आदल्या दिवशी घरची बहुतेक माणसं उडीद काढायला शेतात होती. संध्याकाळी पेटी उघडली तर पट्टा नाही. कुलूप मोडलेलं नव्हतं. पहिली खबर लिहून घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि तासाभरात मी त्या गावात होतो.

कुलूप न मोडता वस्तू जाते तेव्हा चोर घरचा असतो. घरात ये-जा असणारी माणसं चार. शेतकऱ्याचा भाचा, दोन गडी आणि सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला कामकरी. हा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा भिल्ल होता, पंचविशीतला, अंगाने काटक आणि बोलण्यात फारच कमी. गावातल्या न्हाव्याने मला बाजूला घेऊन खबर दिली की चोरीच्या दिवशी दुपारी हा सालदार फडक्यात काहीतरी बांधून डोंगराकडे गेला होता, तो थेट आज सकाळी परतला.

मला एवढं पुरेसं होतं. सालदाराला समोर बसवलं.

"गाठोड्यात काय होतं?"

"कनीस व्हतात."

"कुठे गेला होतास?"

"मी देवना कामले गयथू."

यापुढे तो बोलेना. देवाचं काम हे उत्तर मी आरोपींकडून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही. शेतकऱ्याने सांगितलं की सालदार गेल्याचं आपल्याला ठाऊक नव्हतं, आपण शेतात होतो. मी शेतकऱ्याचा जबाब घेतला, भाच्याचा घेतला, दोन्ही गड्यांचा घेतला. घरातल्या बायका आतल्या दाराआड उभ्या होत्या. त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

माझा हेड कॉन्स्टेबल जुना माणूस, शेजारच्याच गावचा. माझी घालमेल त्याने पाहिली आणि म्हणाला, "साहेब, मारझोड कसाले? तांदूळ चावाले द्या. खोटा मानूसनं तोंड कोरडं पडी जास. मन्ही अख्खी नोकरी व्हयी गई, तांदूळ एकदा बी चुकना नही."

ही परीक्षा आपल्याकडे फार जुनी. संशयितांना मूठभर कच्चे तांदूळ चावायला द्यायचे आणि मग थुंकायला लावायचे. ज्याचे कोरडे निघतील तो चोर. मला ती पटली याचं कारण वेगळं होतं. भीतीने लाळ आटते, हे मी पोलीस शिक्षणात शिकलो होतो. मारहाण मला नको होती. तांदळाची परीक्षा म्हणजे शास्त्र, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की मला दुपारच्या आत चोर हवा होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण माझ्यासाठीच निघाली असावी.

गावातल्या दुकानात नवापूरकडून नुकताच आलेला तांदूळ होता. हेड कॉन्स्टेबलने तो आणला. चावडीसमोर दोन पंच बसवले, चौघांना चिमूटचिमूट तांदूळ तोंडात घालायला लावले आणि मी शंभर आकडे मोजले. मग प्रत्येकाने पळसाच्या पानावर थुंकायचं. भाच्याचं पीठ झालेलं, ओलं. दोन्ही गड्यांचं तसंच. सालदाराच्या पानावर मात्र तांदूळ जसेच्या तसे पडले. अख्खे आणि कोरडे.

गर्दीतून एक हुंकार उठला. सालदार खाली मान घालून उभा होता. मी तिथेच पंचनामा केला, पंचांचे अंगठे घेतले आणि त्याला बेड्या घातल्या. ठाण्यात आल्यावर वाईट चालीच्या लोकांच्या वहीतही त्याचं नाव माझ्या हाताने लिहिलं. या वहीचा अर्थ वाचकांना सांगायला हवा. त्यात नाव गेलेल्या माणसाला आसपास कुठेही चोरी झाली की ठाण्यात बोलावणं येई. गावाबाहेर जायचं तर पाटलाला सांगून जावं लागे. अशा माणसाला कुठलाही शेतकरी सालाने ठेवत नसे. मी ते नाव शाई वाळायच्या आत विसरलो.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभा केला. मॅजिस्ट्रेट वयस्क गृहस्थ, कागद डोळ्यांजवळ धरून वाचायचे. पंचनामा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"फौजदार, मुद्देमाल कुठे आहे?"

"तपास चालू आहे, साहेब."

"मग या माणसाविरुद्ध साक्ष कुणाची?"

मी तांदळाकडे बोट दाखवलं. पुडीत बांधून मोहोर लावून नेले होते.

"साक्षीदाराची उलटतपासणी होते," ते म्हणाले. "यांची कोण घेणार? कोरडे का निघाले, हे मी कुणाला विचारू? आरोपीने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाबसुद्धा कायदा मानत नाही. याने तर तोंडही उघडलेलं नाही, तुम्हीच त्याच्या तोंडात काही घातलंत." पाच दिवसांची कोठडी मिळाली. पुडी मला परत मिळाली.

मी रागाने लाल झालो होतो. या म्हाताऱ्याला शास्त्र कळत नाही, असं घोड्यावर बसल्या बसल्या मोठ्याने बोललो. दोन दिवस सालदाराला तेच तेच विचारलं. तो तेच तेच सांगत राहिला. त्याच्या शांतपणाने माझं डोकं आणखी फिरे. मी ठाण्याच्या ओट्यावर इतक्या फेऱ्या घातल्या की पहाऱ्यावरचे शिपाई आपसात हसू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी खानावळवाल्याकडे काही कार्य होतं, म्हणून कोठडीत भाकरीबरोबर वरण-भात आला. थोड्या वेळाने हेड कॉन्स्टेबल तक्रार घेऊन आला. "नाटक करी ऱ्हायना, साहेब. भाकर खास, पन भातले हात लावत नही."

मी गजांशी गेलो. भात निवून गेला होता. सालदाराने थाळी दूर सरकवून ठेवली होती.

"का खात नाहीस?"

"हाऊ नवा शे, साहेब. वासवर समजी जास. देवले चढना नही आजून."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. डोंगराकडची ही माणसं नवं धान्य गावच्या पुजाऱ्याने देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत, हे मी ऐकून होतो. नुसतं ऐकून होतो.

"आणि चावडीपुढे दिलेले तांदूळ?"

"तो बी नवाच व्हता. तुम्ही तोंडमा टाकाले सांगं, मी टाका. चावा नही."

"अरे, मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तोंडमा तांदूळ व्हतात. बोलू कसा?"

त्याने तांदूळ गालात धरून ठेवले होते. जीभ लावली नाही, थुंकी गिळली नाही, पोलिसाच्या समोर शंभर आकडे होईपर्यंत देवाचा नियम सांभाळला. ते मी भीती म्हणून लिहून घेतलं होतं.

त्याच दुपारी पुन्हा त्या गावी गेलो आणि या वेळी शेतकऱ्याच्या बायकोला बाहेर बोलावलं. ती डोईवरचा पदर सावरत ओट्यावर आली.

"सालदाराला कणसं कुणी दिली होती?"

"मीच दिनथं. त्याना देवले नवं धान लागे. तो गया, मंग मी पेटी उघाडी. पट्टा व्हता पेटीमा."

"बाई, हे चार दिवस का सांगितलं नाहीत?"

"माले कोनी इचारं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिचा जबाब लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चार कोसांवरच्या पाड्यावर गेलो. पुजारा म्हातारा होता, भिली बोलत होता. माझ्याबरोबरचा शिपाई मला अर्थ सांगत होता. सालदार त्या दिवशी ऊन उतरताना कणसं घेऊन आला, पूजेचा दिवस ठरवायला बसला, रात्री तिथेच निजला. पाड्यावरच्या पाच जणांनी तेच सांगितलं.

मी निघणार तर पुजाऱ्याने मला थांबवलं. तांदळाची बातमी तिथे आधीच पोचली होती. नवं धान्य तोंडात गेलेला माणूस यंदा पूजेला उभा राहू शकत नाही, असं तो म्हणाला. त्याने विचारलं, याने गिळले का? मी म्हणालो, नाही, अख्खे पडले, कोरडे, मी डोळ्यांनी पाहिले. मग त्याने दुसरा प्रश्न केला. तोंडात घातले कुणी?

"मी," म्हणालो.

तेव्हा दंड तुझा, असं त्याने सांगितलं. एक कोंबडा आणि एक नारळ. मी शिपायाला पाठवून दोन्ही आणवले. माझ्या पंचनाम्यातली 'तांदूळ अख्खे आणि कोरडे' ही एकच ओळ खरी होती, आणि ती कामाला आली ती तिथे.

आता खरा चोर. ना यंत्र, ना तांदूळ, मी साधी विचारपूस केली. नावाड्याने सांगितलं की चोरीनंतर दोन दिवसांनी भाचा तापी उतरून नंदुरबारला गेला होता. तिथल्या एका सोनाराकडे पट्टा मिळाला. सोनाराने भाच्याला ओळखलं. पंचांसमक्ष मुद्देमाल जप्त केला आणि या वेळी पुडी कशाची बांधायची हे मला कळत होतं. शेतकरी कपाळाला हात लावून बसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी भाच्याला विचारलं, "तांदूळ चावताना तुझं तोंड कोरडं कसं पडलं नाही?"

"काबर पडी?" तो म्हणाला. "मामाना घरनी वस्तू मी लिन्ही. त्यामा चोरी कसानी?"

त्याला भीती नव्हती, कारण आपण चोर आहोत असं त्याला वाटतच नव्हतं. वकील मित्राला मी हेच सांगितलं. तुमचं यंत्र छाती धडधडते की नाही, एवढं सांगेल. का धडधडते, हे माणसाला विचारावं लागेल, त्याच्या भाषेत विचारावं लागेल आणि त्याच्या तोंडात काही कोंबलेलं नसताना विचारावं लागेल. ज्याला लाज नाही त्याच्या रेघा सरळ येतील. रेघा कोर्टात गेल्या की माझ्यासारखे उतावळे फौजदार विचारायचं सोडून देतील. मी सोडलं होतं, तेही चिमूटभर तांदळासाठी. तपासाला मदत म्हणून यंत्र ठेवा, पण त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू नका, असं माझं मत आहे. मित्राला ते पटलं नाही.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. सालदार निर्दोष आहे हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. तरी पाचव्या दिवसापर्यंत मी त्याला कोठडीत ठेवला, कारण दाखवायला दुसरा आरोपी हाती नव्हता. पाचव्या दिवशी मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने सोडला. तो ठाण्याच्या पायऱ्या उतरला, थांबला आणि परत माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, मन्हं नाव तुम्हनी वहीमा शे का?"

वही माझ्या कोपराखाली होती. त्यातलं नाव वरिष्ठांच्या हुकमाशिवाय खोडता येत नसे आणि मी अजून तसा अर्जही लिहिला नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

तो राम राम करून गेला. पूजा दोन दिवसांवर होती. त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहून धुळ्याला धाडला. उत्तर यायच्या आत माझी बदली झाली. नाव खोडलं गेलं की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मागाहून दोन पत्रं पाठवली, त्यांचीही उत्तरं आली नाहीत.

त्या 'नाही'च्या वेळी कुणी माझ्या तोंडात तांदूळ घातले असते, तर ते चांगले ओले निघाले असते.