मदत लागली नव्हती

"वारं कानाला कळतं, सर. डोळ्यानं बघत बसलात की गेलं," असं म्हणून ते शर्यतीआधी टोपी काढायचे आणि मान हळूहळू फिरवायचे. आम्ही क्लबातले डॉक्टर, वकील, प्राध्यापक हसायचो. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हदगावचा मेकॅनिक आम्हाला वारा शिकवणार म्हणजे काय!

नांदेडजवळ धरणाच्या पाण्यावर आमचा शिडाच्या होड्यांचा क्लब. शर्यत तासाभराची, पण खरा कार्यक्रम नंतरच्या चहा-भज्यांचा. असे क्लब तुम्हीही पाहिले असतील. सगळे एकमेकांना 'मित्रा' म्हणतात आणि कोण कुठल्या गाडीतून उतरलं ते बघून ठेवतात. हे मेकॅनिक जुन्या स्कूटरवरून यायचे. भजी संपत आली की यांना बोलावणं जायचं. "हाव, शिडाची घडी घालून आलोच," म्हणायचे. घडी अशी, की इस्त्रीवाल्याने बघत राहावं.

हौस त्यांना एकच होती. वर्षाची शेवटची शर्यत जिंकणाऱ्याचं नाव क्लबातल्या फळीवर रंगवतात. तिथे एकदा आपलं नाव यावं. "नातीला दाखवायचंय सर, बाकी काय न्हाई."

एका वर्षी त्या शेवटच्या शर्यतीत ते सगळ्यांच्या पुढे होते. मधल्या वळणावर माझी होडी उलटली. दोरी पायात अडकली, नाकातोंडात पाणी गेलं. कसाबसा वर येऊन ओरडलो. दोन मित्र बाजूने निघून गेले. हे मात्र पुढून वळून परत आले, पाण्यात उतरले, दोरी सोडवली आणि मला होडीवर ढकललं. "दम घ्या सर, मी हाय ना." त्यात त्यांचा नंबर पार मागे गेला.

मदतीला थांबणाऱ्याचं नुकसान भरून द्यायचं, असा नियम आहे. पहिला नंबर त्यांनाच मिळाला असता. फक्त मला मदतीची गरज होती, एवढं मी सांगायला हवं होतं. समितीने विचारलं तेव्हा सगळा क्लब भज्यांभोवती उभा होता. माझ्या सासुरवाडीची माणसं खास शर्यत बघायला आली होती. मी म्हणालो, "मी सावरतच होतो. मदत लागली नव्हती."

लिहितानाही लाज वाटते.

ते शेजारीच उभे होते. "सर म्हणून राहिले तर तसंच असंल," म्हणाले आणि शीड आवरायला गेले. पुन्हा क्लबात आले नाहीत. का आले नाहीत, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

परवा ते गेल्याचं कळलं. निदान घरच्यांना तरी खरं सांगायचं, असं ठरवून मी हदगावला गेलो. त्यांच्या पत्नीने चहा दिला. माझं नाव ऐकून त्या जरा पुढे सरकल्या.

"तुमीच का ते सर? ह्यांच्या जिवाला लई लागलं होतं. म्हनायचे, सर चांगले पोहून राहिले होते, मीच उगा मधी गेलो, त्यांची शर्यत मोडली. सर कधी भेटले तर माफी माग म्हनले होते."

मी कप खाली ठेवला.

"असू द्या," म्हणालो.